फिल्टर लावल्यावर टिक केलेल्या ओळी नक्की जातात कुठे?

पाचर

आधी घडलं ते सांगते, प्रश्न नंतर.

सुट्या भागांच्या एका गोदामाचं अंतर्गत वेब अ‍ॅप मी सांभाळते. लिहिणारी मी, दुरुस्त करणारी मी आणि बोलणी खाणारीही मीच. मूळची मी डेटाबेसवाली. एसक्यूएलमध्ये मला सहसा कुणी गंडवत नाही, पण ब्राउझरच्या घरी अजून पाहुणी आहे. अ‍ॅपमध्ये मुख्य असा एकच तक्ता: साधारण ६,४०० ओळी, ११ कॉलम. रिअ‍ॅक्ट आणि टॅनस्टॅक टेबलची आठवी आवृत्ती (पहिलं पान बांधायचं साधन, दुसरं त्यात तक्ते करायचं). सगळा डेटा एकदाच ब्राउझरमध्ये येतो. पानं पाडलेली नाहीत, एकच लांब स्क्रोल आहे आणि डोळ्यांसमोरच्या ओळी तेवढ्याच डॉममध्ये (ब्राउझरने प्रत्यक्ष उभ्या केलेल्या पानात) असतात.

गेल्या मंगळवारी गोदामातल्या काकांनी (वयाने ज्येष्ठ, म्हणून सगळे काकाच म्हणतात) नावाच्या कॉलमवर 'पंप' असा फिल्टर लावला. ३७ ओळी आल्या. कॉलमच्या डोक्यावरचा चेकबॉक्स दाबून त्यांनी सगळ्या टिक केल्या. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, ते उठून गेले. परत आल्यावर 'पंप' खोडून 'झडप' लिहिलं, ५ ओळी आल्या, त्यातल्या ३ टिक केल्या आणि 'बाद करा' हे बटण दाबलं.

४० भाग बाद झाले.

काका म्हणाले, "अगं, माझ्यासमोर तीनच टिका होत्या." खरंच तीनच होत्या. बरं, आमच्याकडे बाद म्हणजे स्टेटसचा एक कॉलम बदलतो, ओळ उडत नाही, त्यामुळे एक अपडेट मारून पाच मिनिटांत सगळं जागेवर आणलं. पण ती पाच मिनिटं पोटात गोळा होता.

हे निस्तरताना आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या.

तक्त्याच्या वर वर्ग निवडायचा ड्रॉपडाउन आहे: यांत्रिक, विद्युत, नळजोडणी वगैरे. यांत्रिकमध्ये दुसऱ्या आणि सातव्या ओळीला टिक करून विद्युतवर गेलं की तिथेही दुसरी आणि सातवी ओळ टिक केलेली! म्हणजे कॉलमच्या फिल्टरमध्ये टिका लपून बसतात आणि ड्रॉपडाउनमध्ये घर बदलतात. तक्ता एक, तऱ्हा दोन.

दुसरं म्हणजे 'कप्पा' कॉलमचा फिल्टर मूड असेल तसा वागतो. 'ब-१२' लिहिलं की 'ब-१२०४' यायला हवं. परवापर्यंत येत होतं. काल नाही. मधे कोडला कुणी हात लावलेला नाही, कारण हात लावणारी मीच.

तर माझा प्रश्न: टिका घर का बदलतात? आणि फिल्टर बदलला की आधीची निवड पुसायची की ठेवायची? याचा काही रिवाज आहे का, की ज्याला जे सुचेल ते?


अर्धविराम

दोन गोष्टी सांगा, मग बोलू.

ड्रॉपडाउनचा फिल्टर तुम्ही टेबलच्या आत लावता, की अ‍ॅरे (ओळींची यादी) आधी गाळून मग टेबलला देता?

गेट-रो-आयडी दिलंय का?


पाचर

आधी गाळून देते. वर्ग जुळतो त्या ओळींचा नवा अ‍ॅरे करायचा आणि तो टेबलला द्यायचा. यूज-मेमो (दर वेळी नवा न करता तोच जपून ठेवणारं फंक्शन) लावलंय, कारण त्याशिवाय पान गरगरत बसलं होतं; तो धडा पहिल्याच आठवड्यात मिळाला.

गेट-रो-आयडी म्हणजे काय ते आत्ता शोधलं: ओळीची ओळख काय धरायची ते टेबलला सांगणारं फंक्शन. म्हणजे दिलेलं नाही.


अर्धविराम

मग झालं. टिका घर बदलत नाहीयेत. त्या जागेवरच आहेत, त्यांच्याखालून भाग सरकतायत.

ओळीची ओळख काय हे तुम्ही सांगितलं नाही, तर टॅनस्टॅक अ‍ॅरेमधला क्रमांकच ओळख म्हणून धरतो. निवडीची स्टेट (टेबल लक्षात ठेवतं ती निवड) म्हणजे एक साधा ऑब्जेक्ट (नाव-किंमत जोड्यांची यादी) असतो, त्यात ओळख आणि तिच्यासमोर 'खरं'. तुम्ही दुसरी आणि सातवी ओळ टिक केली, त्यात १ आणि ६ लिहिले गेले (मोजणी शून्यापासून). ड्रॉपडाउन बदलल्यावर तुम्ही नवा अ‍ॅरे दिलात. त्यातही १ आणि ६ आहेतच, पण भाग वेगळे. टेबलला त्याचं काही सोयरसुतक नाही.

कॉलमचा फिल्टर टेबलच्या आत चालतो. तिथे मूळ अ‍ॅरे बदलत नाही, म्हणून ओळीचा मूळ क्रमांक तिला चिकटून राहतो. म्हणून तिथे टिका नुसत्या लपतात.

हे फक्त ड्रॉपडाउनपुरतं नाही हे लक्षात घ्या. काकांनी चार ओळी टिक केल्या, मागून डेटा ताजा करून आणला आणि सर्व्हरने या वेळी क्रम वेगळा दिला, तरीही हेच होणार. तेव्हा तर फिल्टरचा संशयही येणार नाही. तुमचे ४० निदान काकांनीच टिक केलेले होते.

तुम्ही डेटाबेसवाल्या ना? ओळीचा क्रमांक ही 'की' (ओळीची पक्की ओळख) नसते हे तुम्हीच आम्हाला शिकवाल. गेट-रो-आयडीमध्ये प्रायमरी की परत करा. एका ओळीचं फंक्शन आहे.

'कप्पा'चं कोडं: तुम्ही कॉलमला फिल्टर-फंक्शन सांगितलेलं नाही, बरोबर? मग ते 'ऑटो' असतं. ऑटो म्हणजे टेबल पहिल्या ओळीतली त्या कॉलमची किंमत बघतं. मजकूर असेल तर 'यात ही अक्षरं आहेत का' अशी तुलना, आकडा असेल तर 'या टप्प्यात बसतो का', आणि पहिल्या ओळीत नल (रिकामी किंमत) असेल तर नुसतं 'तंतोतंत तेच आहे का'. काल तुमच्या यादीत सगळ्यात वर बिनकप्प्याचा भाग येऊन बसला असणार. कॉलमच्या व्याख्येत इन्क्लूड्स-स्ट्रिंग असं स्पष्ट लिहून टाका.


पाचर

वर बिनकप्प्याचा भागच होता! परवा संध्याकाळी नवा माल आला, कप्पा अजून ठरायचा होता, आणि यादी 'शेवटचा बदल आधी' या क्रमाने येते. एका नलने ६,४०० ओळींचा फिल्टर फिरवला. यावर हसावं की रडावं.


रिकामा_कंस

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. फिल्टर बदलला की निवड पुसून टाका. डोळ्यांना दिसत नाही त्यावर बटण चालता कामा नये, विषय संपला. मी ज्या ज्या तक्त्यावर हे चतुराईने करायला गेलो, तिथे नंतर कुणीतरी चुकीचं काहीतरी उडवून माझ्याकडे आलं. फिल्टरच्या स्टेटवर एक इफेक्ट (फिल्टर बदलला की आपोआप चालणारा कोड), त्यात निवडीसाठी रिकामा ऑब्जेक्ट. दोन ओळींचं काम.


पाचर

रिकामा_कंस, बुधवारी सकाळी मी अगदी हेच केलं. गुरुवारी दुपारी काका परत दारात.

त्यांची कामाची पद्धत मी तोवर कधी बसून पाहिली नव्हती. गुरुवारी शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांच्या हातात कागद असतो, त्यावर १५-२० भागांची नावं. ते पहिलं नाव शोधतात, टिक करतात, शोध खोडतात, दुसरं नाव शोधतात, टिक करतात. शेवटी एकदाच 'बाद करा' किंवा 'हलवा'. म्हणजे फिल्टर त्यांच्या दृष्टीने दिवा आहे: इकडे धरला, एक उचललं, तिकडे धरला, दुसरं उचललं. माझ्या इफेक्टमुळे दिवा हलवला की हातातलं सगळं खाली पडत होतं. "आता एकेक करून वीस वेळा बटण दाबू का?" असं त्यांनी विचारलं आणि मी तो इफेक्ट त्यांच्यासमोरच काढून टाकला.

गंमत म्हणजे मंगळवारचा घोटाळाही याच पद्धतीतून झाला. त्या दिवशी त्यांना पंप निवडीत ठेवायचे नव्हते, एवढंच. ते टिक केलेलं विसरले होते. आता माणूस विसरला हे प्रोग्रामला कसं कळणार?


अर्धविराम

माझ्या मते इथे दोन वेगळे व्यवहार आहेत. एकात निवड म्हणजे 'समोर दिसतंय त्यातलं हे', दुसऱ्यात निवड म्हणजे टोपली. तुमच्या काकांना टोपली हवी आहे. रिकामा_कंस यांच्या लोकांना बहुतेक पहिलं हवं होतं. कोणतं हवं हे ग्रिडला (तक्ता काढणाऱ्या लायब्ररीला) ठरवता येत नाही, म्हणून बहुतेक ग्रिड तो निर्णय तुमच्या गळ्यात टाकतात.

फक्त जे ठरवाल ते पाठवण्याच्या कोडमध्येही तसंच असू द्या. टॅनस्टॅकमध्ये गेट-सिलेक्टेड-रो-मॉडेल कॉलमच्या फिल्टरने लपलेल्या ओळीही देतं. गेट-फिल्टर्ड-सिलेक्टेड-रो-मॉडेल फिल्टरमधून उरलेल्याच देतं. नावात एका शब्दाचा फरक, मंगळवारी तो ३७ ओळींना पडला.


पाचर

गेट-रो-आयडी लावलं, टिका सरकायच्या थांबल्या. पण आता नवीनच. मी तक्त्याखालच्या पट्टीवर निवडीच्या स्टेटमधल्या ओळखी मोजून आकडा दाखवते आणि सर्व्हरला पाठवायला गेट-सिलेक्टेड-रो-मॉडेल वापरते. पट्टी म्हणते १२, सर्व्हरला जातात ९. उरलेले ३ ड्रॉपडाउनच्या दुसऱ्या वर्गातले आहेत. तुम्ही तर म्हणालात लपलेल्याही मिळतात?


अर्धविराम

टेबलच्या आत लपलेल्या मिळतात. ड्रॉपडाउनने बाहेर ठेवलेल्या ओळी टेबलने पाहिलेल्याच नाहीत, त्या तो कुठून देणार? स्टेटमध्ये त्यांची ओळख बिनतक्रार राहते, पण ओळ तयार करायला डेटा लागतो. सर्व्हरवरून पानापानाने डेटा आणणाऱ्यांनाही हीच ठेच लागते: दुसऱ्या पानावर गेलं की पहिल्या पानावरच्या निवडी स्टेटमध्ये असतात, मॉडेलमध्ये नसतात.

तुमच्याकडे सगळा डेटा ब्राउझरमध्येच आहे, तेव्हा सोपं आहे. वर्ग हा एक कॉलम करा, तो दाखवू नका, आणि ड्रॉपडाउनने त्या कॉलमची फिल्टर-किंमत बदला. न दिसणाऱ्या कॉलमवरही फिल्टर चालतो. बाहेरची गाळणी काढून टाका. एका तक्त्याला दोन ठिकाणी गाळण्या असल्या की कधी ना कधी त्या एकमेकींशी भांडतात.

आणि आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या परत याल. डोक्यावरच्या चेकबॉक्सची आडवी रेघ, म्हणजे 'काही निवडल्यात, काही नाही', ही तुम्ही गेट-इज-सम-रोज-सिलेक्टेडवरून काढत असाल तर टोपलीच्या पद्धतीत ती फसवते. आठव्या आवृत्तीत ते फंक्शन स्टेटमधल्या एकूण निवडी मोजतं आणि त्या फिल्टरमधून उरलेल्या ओळींपेक्षा कमी आहेत का एवढंच बघतं. टोपलीत ३७ पंप आहेत आणि समोर ५० गाळण-जाळ्या, एकही टिक नाही, तरी रेघ दिसेल. समोर ५ झडपा असतील आणि त्यातल्या ३ टिक, तर रेघ दिसायला हवी, पण दिसणार नाही, कारण ४० हे ५ पेक्षा जास्त. स्वतः मोजा: समोरच्या ओळींपैकी किती निवडल्या आहेत. शून्य, काही, सगळ्या.


रिकामा_कंस

हे शेवटचं मला माहीत नव्हतं. आमच्या एका तक्त्यावर ती रेघ वर्षभर 'मधूनमधून येते' अशा नावाने यादीत पडून आहे. आत्ता उघडून बघतो.


उपटसुंभ

पाचरताई, तुमचं ६,४०० ओळींत भागतंय तोवर वरचं सगळं उत्तम. मी लाखांच्या तक्त्यांवर काम करतो, तिथे हा प्रश्न जास्त बोचतो, म्हणून थोडं पुढचं सांगतो. उद्या तुमचाही तक्ता वाढेल.

डेटा सर्व्हरवर असेल तेव्हा 'सगळ्या निवडा' याचे निदान तीन अर्थ होतात: या पानावरच्या सगळ्या, या फिल्टरमध्ये बसणाऱ्या सगळ्या, आणि अख्ख्या तक्त्यातल्या सगळ्या. जीमेलने यावर काढलेला तोडगा मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटतो. वरचा चौकोन दाबला की समोरच्या पानावरचेच मेल निवडले जातात, आणि मग एक ओळ उगवते: या शोधातले सगळे निवडायचे का? म्हणजे मोठा अर्थ घ्यायचा असेल तर माणसाला दुसऱ्यांदा दाबावं लागतं. एजी ग्रिड नावाच्या दुसऱ्या एका तक्ता-लायब्ररीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हा पर्याय सेटिंगमध्येच आहे: सगळ्या, फिल्टरमधल्या, किंवा चालू पानावरच्या. काही सांगितलं नाही तर 'सगळ्या'. हे न वाचता वापरलं की फिल्टर लावून तीन ओळी समोर असताना डोक्यावरचा चौकोन दाबायचा आणि अख्खा तक्ता निवडायचा, असा प्रकार होतो. आमच्याकडे झालाय. तपशील विचारू नका.

दुसरी गोष्ट साठवणीची. दोन लाख ओळी निवडल्या म्हणून दोन लाख ओळखी ब्राउझरमध्ये ठेवायच्या नसतात. 'सगळ्या, फक्त या चार सोडून' असं उलटं लिहून ठेवायचं. एजी ग्रिडच्या सर्व्हरवाल्या पद्धतीत निवडीची स्टेट अशीच मिळते: 'सगळ्या' हे खरं की खोटं, आणि त्याला अपवाद कोणते. एमयूआय एक्स या आणखी एका लायब्ररीच्या डेटा ग्रिडनेही आठव्या आवृत्तीत निवडीचा साधा अ‍ॅरे सोडून असाच आकार घेतला: प्रकार 'धरून' किंवा 'वगळून', आणि सोबत ओळखींचा सेट. आवृत्ती बदलताना तिथे आमचे दोन दिवस गेले, पण आकार योग्य आहे.

आता खरी गोम. 'या फिल्टरमधल्या सगळ्या' असं पाठवायचं म्हणजे सर्व्हरला ओळखी जात नाहीत, फिल्टरची अट जाते. माणसाने निवडलं तेव्हा अटीत ३१२ ओळी बसत होत्या. तो चहाला गेला, परत येऊन बटण दाबलं, तोवर कुणीतरी आणखी ६ ओळी भरल्या. सर्व्हर ३१८ वर काम करतो. म्हणून आम्ही अटीसोबत आकडाही पाठवतो: माणसाने ३१२ पाहिल्या होत्या. सर्व्हर आधी मोजतो, आकडा जुळला नाही तर काहीच न करता परत विचारतो. तुम्ही डेटाबेसवाल्या, मोजणी आणि अपडेट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आणि योग्य आयसोलेशनने (मधे दुसऱ्या कुणाचे बदल न घुसू देता) करायला हवं हे वेगळं सांगत नाही. एवढं करूनही भोक राहतं: ६ आल्या आणि ६ गेल्या तर आकडा जुळतो. जिथे उडवाउडवी आहे तिथे आम्ही अट सोडून सरळ ओळखीच पाठवायला लावतो आणि एका वेळी किती याला मर्यादा घालतो.

रिकामा_कंस यांचं 'पुसून टाका' मला पटत नाही, पण त्यामागची भीती पटते. लपलेली निवड धोकादायक असते ती लपलेली असते म्हणून. ती दाखवा, मग ठेवायला हरकत नाही.


रिकामा_कंस

दाखवायची म्हणजे कशी? वर बारीक अक्षरात '४० निवडल्या' असं पाचरताईंच्या पट्टीवर मंगळवारी पण असेलच की. काकांनी वाचलं?


पाचर

होतं. नाही वाचलं. आकडा खाली डाव्या कोपऱ्यात होता आणि बटण वर उजवीकडे. तक्त्याचा एक पूर्ण कर्ण मधे.


कानाने_वाचणारा

मी स्क्रीन रीडर वापरतो, त्यामुळे माझ्यासाठी सगळ्याच टिका लपलेल्या असतात. या धाग्यात मला जरा घरच्यासारखं वाटलं.

फिल्टर बदलल्यावर काय झालं हे पानाने बोलून दाखवलं पाहिजे: '५ ओळी, त्यातली निवडलेली एकही नाही, एकूण निवड ३७'. एरिया-लाइव्ह (बदल वाचून दाखवायला सांगणारी खूण), पोलाइट (मधे न तोडता), एवढं पुरतं. पण प्रत्येक अक्षरागणिक नको. टाइपिंग थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने एकदा बोला, नाहीतर 'पंप' लिहीपर्यंत तीनदा आकडे ऐकावे लागतात.

तुमच्या डॉममध्ये दिसत्या ओळीच असतात म्हणालात. मग एरिया-रोकाउंट (एकूण ओळी) आणि प्रत्येक ओळीला एरिया-रोइंडेक्स (तिचा क्रमांक) द्या, नाहीतर माझा रीडर ६,४०० ओळींच्या तक्त्याला ३० ओळींचा म्हणतो. फिल्टर लावल्यावर हा आकडाही बदलला पाहिजे.

फोकस एखाद्या ओळीवर असताना फिल्टरने ती ओळ डॉममधून काढली तर फोकस थेट बॉडीवर पडतो, म्हणजे मी पानाच्या डोक्यावर फेकला जातो. फोकस शोधाच्या चौकोनात किंवा उरलेल्या पहिल्या ओळीवर नेऊन ठेवा. आणि ती आडवी रेघ: चेकबॉक्सची ती अवस्था एचटीएमएलच्या अ‍ॅट्रिब्यूटने लिहिता येत नाही, जावास्क्रिप्टमधून प्रॉपर्टी म्हणूनच ठेवावी लागते. रिअ‍ॅक्टमध्ये रेफ (त्या चेकबॉक्सचा थेट संदर्भ) घेऊन. बरेच जण तिथे चित्र चिकटवून मोकळे होतात, मग मला रेघ ऐकूच येत नाही.


पाचर

चार दिवसांनी येतेय. काय केलं ते लिहिते, म्हणजे हा धागा पुढे कुणाला सापडला तर अर्धवट वाटू नये.

वर्गाची गाळणी आत नेली. ओळख म्हणून प्रायमरी की. सगळ्या मजकुराच्या कॉलमांना फिल्टर-फंक्शन स्पष्ट लिहिलं. रेघेचं गणित स्वतः केलं, आणि हो, प्रॉपर्टी म्हणून. माझ्याकडेही चित्रच होतं.

निवड टोपली म्हणून ठेवली. आकडा बटणाच्या आतच नेला. बटण आता 'बाद करा' म्हणत नाही, '४० भाग बाद करा' म्हणतं. त्यातल्या काही दिसत नसतील तर बटणाच्या शेजारी पिवळ्या पट्टीत: '३७ निवडलेले भाग आत्ता दिसत नाहीत', आणि तिथेच दोन दुवे, 'फक्त निवडलेले दाखवा' आणि 'न दिसणारे सोडून द्या'. पहिला दुवा दाबला की बाकीचे फिल्टर बाजूला होऊन टोपलीच समोर येते. काका आता कागद संपला की तो दाबतात आणि कागदाशी ताडून बघतात. ही सवय त्यांची त्यांनीच लावून घेतली. शेवटी विचारणारी खिडकी मात्र टाकली नाही. माझ्या अनुभवात ती दोन दिवस वाचली जाते आणि तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप 'हो'वर जातं. त्याऐवजी काम झाल्यावर २० सेकंद 'परत घ्या' ठेवलंय. स्टेटसचाच बदल असल्यामुळे परवडलं.

यादीत नसलेली एक गोष्ट यात सापडली. 'दोऱ्या' शोधल्यावर ११ भाग येत होते आणि काका म्हणत होते, १४ आहेत. डोळ्यांना चौदाही नावं सारखीच. शेवटी अक्षरांचे कोड काढून बघितले. अकरांमध्ये नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. उरलेल्या तिघांमध्ये साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो-विड्थ जॉइनर, आणि मग य. पडद्यावर दोन्हीकडे तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र. वेगवेगळ्या कीबोर्डांची कृपा. मला वाटलं युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एक करणं) यासाठीच तर असतं. एनएफसी (त्याचा एक प्रकार) लावलं, फरक शून्य. र आणि सुटा नुक्ता असेल तर तो जोडून एक ऱ करतं, पण या दोन लेखनांना ते एक मानत नाही. शेवटी तुलनेपुरतं स्वतःचं फंक्शन लिहिलं: नॉर्मलाइझ करायचं, शून्य रुंदीची अक्षरं काढून टाकायची, ऱ चा र करायचा, आणि देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलायचे, कारण 'ब-१२' दोन्ही आकड्यांत भरलेलं आहे. शोधलेला शब्द आणि ओळीतला मजकूर, दोन्ही त्यातूनच जातात. साठवलेला डेटा तसाच ठेवला. ६,४०० ओळींवर प्रत्येक अक्षराला हे करणं जड जात होतं, म्हणून डेटा आल्यावर एकदाच करून शोधासाठीचा वेगळा मजकूर ओळीसोबत ठेवते.

एक राहिलंय. शिफ्ट दाबून टिक केलं की मधल्या सगळ्या ओळी टिक व्हाव्यात अशी मागणी आली आहे. मधल्या म्हणजे कोणत्या? आणि आधीची टिक ज्या ओळीवर केली ती आता फिल्टरमुळे दिसतच नसेल तर?


अर्धविराम

मधल्या म्हणजे आत्ताच्या फिल्टरमध्ये, आत्ताच्या क्रमाने, डोळ्यांना मधे दिसतात त्या. मूळ अ‍ॅरेच्या क्रमाने घेतल्या तर न दिसणाऱ्या ओळी टोपलीत जातील, आणि परत मंगळवार.

आधीच्या ओळीची ओळख लक्षात ठेवा, क्रमांक नको. ती समोरच्या ओळींत सापडली नाही तर पट्टा धरूच नका, नुसती एक टिक करा आणि तीच नवी सुरुवात समजा.


रिकामा_कंस

शिफ्टने टिक 'काढणं'ही ठरवून टाका. पट्टा शेवटच्या दाबलेल्या ओळीसारखा व्हावा: ती टिक झाली तर सगळ्या टिक, तिची टिक गेली तर सगळ्यांची गेली. आम्ही प्रत्येक ओळ उलटी करत होतो, त्याने बुद्धिबळाचा पट होतो.

आणि ती रेघ. उघडून बघितली. तेच होतं.